निळ्या सुतळीच्या तीन गाठी

परळ, मुंबई
१० जानेवारी १९७१

आदरणीय दगडाबाई मावशीस,
वैजीनाथचा जय भीम.

धम्मचक्र दिनाला लिहीन म्हणालो होतो, ते आता जानेवारी उजाडला. पत्र सत्यशीलाच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही जय भीम. वाचताना मास्तरीणबाईंनी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासू नयेत.

मी इथं खुशाल आहे. खोलीत आम्ही तिघं राहतो. त्यातला एक नांदेडकडचा आहे, त्यामुळे ज्वारीची भाकरी मिळते. तो थापतो, मी ठेचा वाटतो. तुझे गुडघे कसे आहेत? अजून पिंगळीहून सकाळच्या गाडीनंच कामाला जातेस ना? त्या गाडीत खिडकीजवळ बसून तू तंबाखूची चंची सोडायचीस आणि परभणी येईपर्यंत सगळ्या डब्याची खबर घ्यायचीस, ते फार आठवतं.

इथं थंडी म्हणावी अशी पडतच नाही. आपल्याकडे आता कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत लागल्या असतील. आमच्या गिरणीत कापूस येतो तो दाबून, लोखंडी पट्ट्यांत आवळून. पण गठाण फोडली की पहिल्यांदा आपल्या आवारातला वास येतो, सरकीचा, उन्हाचा आणि थोडा बैलांचा. परभणीचा माल आला की मी मुद्दाम तिकडून चक्कर मारतो. बरोबरचे लोक हसतात.

तू मागं विचारलं होतंस, मुंबईत हा करतो तरी काय. ऐक. आमच्याकडे कार्डं असतात, पोस्टकार्डाहून लांबट, जाड कागदाची. त्यांच्यावर लिहायचं नाही, भोकं पाडायची. एका जागी भोक असेल तर माल जिंतूरच्या गंजीतला, दुसऱ्या जागी असेल तर पाथरीच्या. पुढं वार, मग वजन, मग प्रत. एका गठाणीचं एक कार्ड. परभणीहून माल निघाला की यादी येते, मी कार्डं पाडतो. मनमाडला छोट्या लाईनच्या डब्यातून मोठ्या लाईनच्या डब्यात माल बदलतात, तिथूनही खबर येते. मग सगळी कार्डं यंत्रात घालायची. तू सुपात पाखडलंस की खडे एकीकडे आणि दाणे एकीकडे होतात ना, तसं ते यंत्र कार्डं वेगळी करून देतं. कुठला माल कुठं पोचला ते बसल्या जागी कळतं. आधी गिरणी चार-चार महिन्यांचा कापूस भरून ठेवायची, कारण वाटेत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसायचं. आता दीड महिन्याचा पुरतो. साहेब म्हणतात, माल मनमाडला असतानाच आमचं सूत ठरलेलं असतं.

हे सांगताना मला हसू येतं. कारण माझ्या डोळ्यांपुढं यंत्र नसतं, तुझ्या घरामागची दोरी असते. तिच्यावर वाळत घातलेली सुतळी, एक लड गेरूत बुडवलेली, एक निळीत, एक कोरीच.

आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. सरजाबाईचं पोरगं शिकलं पाहिजे म्हणून तू मला मॅट्रिकपर्यंत भाकरी घातलीस, मग फाटकावर सतरा चकरा मारून मला जिनिंगमध्ये गठाणी मोजायला लावलंस. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, 'मावशी, तू सुतळी रंगवतेस कामून?' तू दाभण दातात धरून म्हणालीस, 'मला आकडे वाचता येत न्हाईत. मग कोणती गठाण कोणत्या गंजीची ते कसं कळंल? गेरू जिंतूरचा, नीळ पाथरीची, कोरी गंगाखेडची. आन् सोमवारची एक गाठ, मंगळवारच्या दोन, बुधवारच्या तीन.' मग तू मला गठाणीच्या तोंडावरचे टाके वाचायला शिकवलंस. तुझं पाहून बाकीच्या पाच बायकाही तसंच शिवायला लागल्या. माझ्या रजिस्टरात नुसता लॉटचा नंबर असायचा. एका लॉटमध्ये तीन गंज्यांचा माल मिसळलेला, आणि वर शाईनं मारलेले नंबर मनमाडच्या हमालीत पुसून जायचे.

चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवतो का? गिरणीनं कळवलं की तुमच्या दोनशे गठाणींच्या लॉटमध्ये ओला, कुजका माल निघाला, सगळा परत पाठवतो आणि पुढं परभणीचा कापूसच बंद. मग मुंबईहून साहेब आले. त्यांनी खराब गठाणींचं तरट कापून आणलं होतं, तोंडाकडचे शिवलेले तुकडे. मॅनेजर दत्तरावांच्या टेबलावर ते मांडले आणि सगळ्यांवर निळी सुतळी, तीन गाठी. पाथरीची गंजी, बुधवार. त्याच बुधवारी पाण्याची टाकी फुटून ती गंजी भिजली होती! चाळीस गठाणी खराब होत्या, एकशे साठ चांगल्या. जिनिंग वाचली.

साहेबांनी विचारलं, ही पद्धत कोणाची? पुढचं तुला माहीतच आहे. महिनाभरात मी मुंबईला आलो.

आता चांगली बातमी. एप्रिलमध्ये मला खात्यात वरची जागा मिळेल असं दिसतं. आणि यंदापासून परभणीला पत्र्याचे नंबरी बिल्ले आलेत, तोंडाला शिवण जाऊन तारेच्या कड्या आल्यात. सुतळी रंगवण्याची तुमची कटकट गेली. बिल्ले आल्यापासून कार्ड आणि माल जुळत नाही अशी थोडी कुरकुर इथं आहे. तिचं कारण मलाच शोधायला सांगितलंय. सापडेल.

पारूबाईला आणि सगळ्याजणींना जय भीम सांग. प्रकृतीला जप.

तुझा,
वैजीनाथ


पिंगळी
७ फेब्रुवारी १९७१

वैजूदादास,
सत्यशीलाचा जय भीम.

तुझं पत्र पोचलं. शाळेची तपासणी होती म्हणून उत्तराला उशीर झाला. आईचे गुडघे दुखतात, पण ऐकत नाही. गाडी तीच, खिडकी तीच.

पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या आईची, म्हणजे सरजामावशीची, आठवण काढलीस तिथं तिनं पदर डोळ्याला लावला. दोरीवरच्या सुतळीचं ऐकून हसली. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा ज्वारी निवडत बसली. मग म्हणाली, "पुन्हा वाच. त्या सायबाच्या इथून वाच."

मी वाचलं. 'पुढचं तुला माहीतच आहे' इथं तिनं हात वर केला.

"मला माहीत हाय ते खरं. त्याला माहीत हाय का न्हाई, ते कळंना."

मला काहीच ठाऊक नव्हतं, दादा. मला आजवर एवढंच माहीत होतं की वैजूदादा हुशार, म्हणून साहेबांनी मुंबईला नेलं. मी विचारलं, तर तिनं सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. रागानं नाही. मला मात्र राग आला, आणि तो तुझ्यापासून लपवावा असं वाटत नाही. शाळेतल्या पोरांना मी तुझं नाव सांगत होते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू जिला चांगली बातमी म्हणतोस तिची दुसरी बाजू तुला कुणी कळवलेली दिसत नाही. शिवण गेली म्हणून होळीनंतर सहाही बायकांनी यायचं नाही, असं दत्तरावांनी सांगितलंय. तोवर दोघी-दोघी पाळीनं जातात. पारूबाईच्या घरात तिच्याशिवाय कमावतं कुणी नाही. आई म्हणते ते मी जसंच्या तसं लिहिते. शुद्धलेखन माझं, बोलणं तिचं.

"वैजू, माझं काही न्हाई. सत्यशीला मला भाकर घालंल. पर ह्या पाचजणी कुठं जातील? आधी आमी कापूस दाबायच्या प्रेसपाशी बसून गठाण शिवायचो, तवाच निशाणी व्हायची. आता काय करायलेत, गठाणी ढकलत फाटकापातूर नेतेत, आन् तिथं ठेकेदाराची माणसं हाताला येईल तो बिल्ला ठोकायलेत. त्यायला गंजी ठाऊक न्हाई, वार ठाऊक न्हाई. जिंतूरचा बिल्ला गंगाखेडच्या मालाला. मी दत्तरावाला सांगाया गेले, तर म्हणला, 'मुंबईच्या यंत्राला तू शिकवायलीस का?' मी म्हणलं, 'यंत्राला न्हाई, तुमाला सांगायले.' त्यानं शिपायाला हाक मारली. मला नाव नको, काई नको. तू मोठ्या जागी हायस. तुला खरं ठाऊक हाय. खरं हाय ते तोंडानं बोल. एवढंच."

एवढं सांगून तिनं निवडलेली ज्वारी पुन्हा सुपात ओतली आणि पुन्हा निवडायला लागली.

होळी अकरा मार्चला आहे.

सत्यशीला


परळ, मुंबई
६ मार्च १९७१

आदरणीय मावशीस,
वैजीनाथचा जय भीम.

या वेळी प्रकृती, हवापाणी काही विचारत नाही. आधी ते सांगतो जे मागच्या पत्रात एका ओळीत गुंडाळलं.

दत्तरावांच्या खोलीत मी दोन वर्षं उभं राहून रजिस्टर दाखवत आलो होतो. त्या दिवशी तरटाचे तुकडे पाहून मी टाके वाचून दाखवले, तेव्हा साहेबांना नमुने हवे झाले. तुला बोलावणं गेलं. तू तिन्ही लडी पदरात घेऊन ओसरीवर येऊन उभी राहिलीस. शिपाई तुला आत सोडेना. मी दारापर्यंत आलो आणि तुझ्या हातातून लडी मीच घेतल्या. 'मावशी, तू आत ये' एवढं म्हणायला माझं काय गेलं असतं? आत वळलो तर साहेब म्हणाले, "बसा." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'बस' न म्हणता 'बसा' म्हणालं. मी खुर्चीवर बसलो. साहेबांनी विचारलं, "ही पद्धत कोणाची?" दत्तराव म्हणाले, "आमच्या या क्लार्कची." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली, मावशी. गप्प बसलो असतो तरी एक वेळ म्हणता आलं असतं की घाबरलो. पण मी मान हलवली.

दार उघडंच होतं. तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं, कारण मी बाहेर पाहिलं तेव्हा तू निघाली होतीस. परतीच्या गाडीत तू एवढंच विचारलंस, 'भाकर खाल्लीस का?' मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं. मुंबईला निघालो त्या दिवशी तू धपाट्यांचं फडकं बांधून स्टेशनवर आलीस, तेव्हाही काही बोलली नाहीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं असं मी कितीदा मनात म्हणालो. म्हणजे ते कामही मी तुझ्यावरच टाकत होतो.

पुढं ते खोटं जुनं होत गेलं. चार हंगाम तुमच्या सुतळीवरूनच याद्या यायच्या आणि मी कार्डं पाडायचो. इथं नव्या माणसांना शिकवताना मीच सांगायचो, 'ही कल्पना मला अशी सुचली.' सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं.

सत्यशीलाचं पत्र आलं तेव्हा मी कार्डांची तीच चूक शोधत बसलो होतो. या हंगामात दर सात-आठ गठाणींमागं एकीत कार्डावर एक आणि आत भलतंच निघत होतं. आखूड धाग्याचा कापूस बारीक सुताच्या यंत्रावर चढला, दोन दिवस धागे तुटत राहिले. साहेब यंत्र दुरुस्त करायला माणूस बोलावणार होते. मी दोन आठवडे यंत्र तपासत होतो, आणि उत्तर पिंगळीच्या एका पाकिटात आलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, "यंत्र ठीक आहे, साहेब. ते भोक असेल तेच वाचतं. चूक परभणीच्या फाटकावर होतेय. बिल्ला लावणाऱ्याला गंजी माहीत नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"शिवणाऱ्या सहा बायकांना. त्यांना होळीनंतर काढणार आहेत."

साहेब म्हणाले, "अंगठा उठवणाऱ्या बायका नंबर काय लावणार? आणि त्यांना गंजी कळते हे तू इतक्या खात्रीनं कशावरून सांगतोस?"

पत्र लिहायला सोपं आहे. तिथं मला वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मी म्हणालो, "मला त्यांनीच शिकवलं. ही पद्धत माझी नाही. दगडाबाई खंदारे म्हणून आहेत, त्यांची आहे. तुम्ही परभणीला विचारलंत तेव्हा त्या ओसरीवर उभ्या होत्या. मी खोटी मान हलवली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चार वर्षं का नाही बोललास?"

मी म्हणालो, "आधी नोकरी मिळत होती म्हणून. नंतर ती जाईल म्हणून."

त्यांनी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. परभणीला तार केली. पुढचं तुम्हीच केलंत. पन्नास गठाणी तुमच्यापुढं ठेवल्या, प्रेसवरच्या नोंदी पाकिटात बंद करून ठेवल्या, आणि कोणती कोणत्या गंजीची ते तुम्ही हातानं कापूस ओढून, चोळून सांगितलं. त्याच गठाणींना फाटकावर बिल्ले लावून पाहिले. निकालाची तार माझ्याच टेबलावर आली. बिल्ल्यांच्या बेचाळीस बरोबर, बायकांच्या एकोणपन्नास. मी ती तार खात्यात मोठ्यानं वाचली. खोलीतला नांदेडकर आमच्याच खात्यात आहे, तो म्हणाला, "आणि एक चुकली ती कुणाची?" मी म्हणालो, "ती आमच्या पारूबाईला विचार, पण लांबून."

परवा गिरणीनं दत्तरावांना लेखी कळवलंय. बिल्ला प्रेसपाशीच लावायचा, तो शिवणाऱ्या बायकांनीच लावायचा, आणि सहाही जणींना कामावर ठेवायचं, नाहीतर परभणीचा माल घेणार नाही. पत्राची एक प्रत सोबत पाठवतोय. सत्यशीला, ती जपून ठेव. दत्तराव विसरले तर दाखवायला लागेल. बिल्ल्यावर नंबरासोबत तीन रंगांच्या पट्ट्या मारून पाठवायचं ठरलंय, म्हणजे आकडे न वाचता काम होईल. सत्यशीला, तू त्यांना आकडे शिकवलेस तर मात्र मला आनंद होईल. एक ते शंभर, जास्त नाही.

यंत्रखात्याच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आजवर माझं नाव होतं. मावशी, ते काढून मी तुझं लिहून दिलं. टायपिस्ट बाईंनी विचारलं, 'यांचं पद काय लिहू?' मी म्हणालो, 'गठाणी शिवणाऱ्या.' त्यांनी तसंच छापलं.

एप्रिलमधली वरची जागा मला मिळणार नाही. साहेब म्हणाले, "काम चांगलं करतोस, पण यंदा तरी ती तुला देता येणार नाही." ती आता एका नव्या माणसाला मिळेल, ज्याला काम मीच शिकवलं. वाईट वाटलं. ते लपवून ठेवत नाही, लपवायची सवय मोडायची ठरवलीय. नोकरी मात्र आहे.

तू म्हणालीस, तोंडानं बोल. साहेबांपुढं बोललो. पण ते सोपं होतं, साहेब आपल्या गावचे नाहीत. ज्यांच्यापुढं बोलायचं ते आवार अजून राहिलंय. जयंतीला चार दिवसांची रजा मिळालीय. तेरा एप्रिलला सकाळी पिंगळीला उतरेन आणि तुमच्याबरोबर त्याच गाडीनं परभणीला येईन. दुपारच्या सुट्टीत तुम्ही सहाही जणी बसता तिथं, दत्तराव असतील तर त्यांच्यापुढंही, हे सगळं माझ्या तोंडानं सांगेन. त्याआधी हे पत्र सत्यशीलानं तिथं वाचून दाखवावं, मोठ्यानं, मान हलवल्याची ओळ न गाळता. म्हणजे ऐनवेळी माझी जीभ अडली तरी मला मागं फिरता येणार नाही.

तू मला माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायची असेल तर समोर येऊन मागावी, आणि द्यायची की नाही ते तू ठरव. मला फक्त तुझ्याशेजारी बसून भाकर खायची आहे. विचारलंस तर या वेळी खरं सांगेन.

तुझ्या हाताखाली शिकलेला, आणि ते आज पहिल्यांदा लिहिणारा,
वैजीनाथ